पाच मीटरवरची हाक

प्रस्तावना

पुण्यात जपानी शिकायला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. 'तोक्यो' म्हणायचं आणि शब्दाला किती टाळ्या बसतात ते पाहायचं. आम्ही सगळ्यांनी दोन वाजवल्या. बाईंनी चार वाजवल्या: तो, ओ, क्यो, ओ. मग 'गक्को', म्हणजे शाळा. तिथेही चार. 'ग' झाला, मग जोडाक्षराआधी श्वास अडतो त्या क्षणाची एक टाळी, मग 'को', मग त्याचा लांबलेला 'ओ'. बाई म्हणाल्या, हे कानात बसलं नाही तर तुमचं जपानी कोणाला कळणार नाही.

त्या रात्री वही उघडून बसलो आणि एकदम शाळेतला वृत्तांचा तास आठवला. 'तोक्यो' : दोन गुरू, चार मात्रा. 'गक्को' : 'ग' ऱ्हस्व खरा, पण पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो; पुन्हा चार मात्रा. ज्याला जपानी लोक 'हाकु' म्हणतात, ते आपल्या मात्रांच्या इतकं जवळचं निघालं की मला त्या दोन भाषांमधलं अंतर काही काळ दिसेनासंच झालं. पुढे फरकही कळले. मराठीत 'ओ' नेहमी गुरू असतो, जपानीत तो ऱ्हस्वही असतो. तरी मोजण्याची सवय लागली ती लागलीच, आणि मोजत मोजतच मी या पुस्तकाच्या विषयापाशी पोचलो. तो विषय म्हणजे 'एशियन कुंग-फू जनरेशन' या जपानी रॉक बँडची गाणी.

नाव ऐकून कुणालाही मारामारीचा सिनेमा आठवेल. जपानमध्ये त्यांचे चाहते या लांबलचक नावाला आखूड करून 'आजिकान' म्हणतात; मीही पुढे तेच म्हणणार आहे. बँड 1996 साली योकोहामात सुरू झाला. कांतो गाकुइन विद्यापीठातल्या संगीतप्रेमी विद्यार्थ्यांच्या मंडळात गोतो मासाफुमी, किता केन्सुके आणि यामादा ताकाहिरो एकत्र आले. ड्रमवर इजिची कियोशी थोडा नंतर आला. गोतो गातो, गिटार वाजवतो आणि बहुतेक गाणी लिहितो. किता दुसरी गिटार वाजवतो, यामादा बास. तीच चार माणसं आजही एकत्र वाजवतात. कानावर संस्कार झाले ते वीझर, ओएसिस अशा पाश्चात्त्य बँडचे, आणि फुकुओकाच्या 'नंबर गर्ल' या बँडचे. नंबर गर्ल 2002 साली विसर्जित झाला. त्याचं ऋण आजिकानने आपल्या पहिल्या पूर्ण अल्बममधल्या एका गाण्याच्या नावातच नोंदवून ठेवलं आहे.

बहुतेक परक्या श्रोत्यांप्रमाणे आपल्याकडच्या तरुणांनीही आजिकानला ऐकलं ते ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांच्या, दारातून. 'हारुका कानाता' हे गाणं 2003 साली 'नारुतो' मालिकेचं दुसरं ओपनिंग झालं. 2004 साली 'रिराइतो' (इंग्रजी 'रीराइट'चं जपानी रूप) 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं चौथं ओपनिंग झालं. 2007 साली 'आफ्टर डार्क' 'ब्लीच'ला लागलं. ओपनिंग म्हणजे मालिकेचं शीर्षकगीत, जेमतेम दीड मिनिटाचं. मालिकेचे भाग एकामागून एक पाहणारा माणूस ते दीड मिनिट पुन्हा पुन्हा ऐकतो. त्यामुळे ही गाणी लाखो लोकांना पाठ आहेत, आणि गंमत अशी की त्यातल्या फार थोड्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आहेत.

म्हणून हे पुस्तक त्या दीड मिनिटाच्या पुढे काय आहे ते सांगण्यासाठी लिहिलं आहे. माझं म्हणणं एकच आहे. ही गाणी वरवर ओरडणारी आहेत, पण ती गर्दीला उद्देशून नाहीत. ती एका माणसाला मारलेली हाक आहेत. त्या हाकेचं अंतर बदलत जातं, आणि आजिकानचा वीस-पंचवीस वर्षांचा प्रवास म्हणजे त्या अंतराचा हिशेब आहे.

हाक म्हटली की संबोधन आलं. जपानीत 'तू' आणि 'तुम्ही'साठी कितीतरी शब्द आहेत, आणि रोजच्या बोलण्यात तर ते टाळण्याकडेच कल असतो. समोरच्याचं आडनाव घेऊन काम भागवतात. आजिकानच्या गाण्यांत मात्र 'किमी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. 'किमी' म्हणजे बरोबरीच्या किंवा लहान माणसाला जवळिकीने म्हटलेलं 'तू'. मराठीतला 'तू' देवालाही चालतो आणि आईलाही. 'किमी' वडीलधाऱ्यांना चालत नाही. म्हणजे हा शब्द उच्चारताच गाणारा आणि ऐकणारा एकाच पायरीवर येऊन उभे राहतात. त्यांच्या गाण्यांची नावं बघा: 'किमी तो इउ हाना', तू नावाचं फूल, 'किमी नो माची मादे', तुझ्या गावापर्यंत. 2003 सालच्या पहिल्या पूर्ण अल्बमचं नाव 'किमी त्सुनागी फाइव्ह एम'. 'त्सुनागी'त जोडणं आहे, सांधणं आहे. आणि फाइव्ह एम मी पाच मीटर असं वाचतो. पाच मीटर हे विचित्र अंतर आहे. एवढ्या अंतरावरचा माणूस दिसतो, ओळखू येतो, पण हात पोचत नाही. त्याला हाकच मारावी लागते.

आता ही हाक जपानीत मारायची हे मुळात ठरलेलं नव्हतं. 1970च्या सुमारास जपानी संगीतात एक मोठा वाद झाला: रॉक जपानी भाषेत गाता येतं का? रॉक गायक उचिदा युया आणि त्याच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं होतं की रॉकचा ठोका इंग्रजीच्या अंगाने घडला आहे, आणि जगात जायचं असेल तर इंग्रजीतच गायला हवं. दुसऱ्या बाजूला 'हॅप्पी एंड' हा बँड होता. त्यात होसोनो हारुओमी, ओताकी एइइची, सुझुकी शिगेरू आणि ड्रम वाजवता वाजवता गाणी लिहिणारा मात्सुमोतो ताकाशी होते. 1971 सालच्या त्यांच्या 'काझेमाची रोमान' या अल्बमने वादाचं उत्तर वाजवूनच दिलं.

हा वाद निव्वळ अस्मितेचा नव्हता, त्यामागे मात्रांची खरी अडचण होती. इंग्रजीत प्रेमाचा शब्द एका सुरावर बसतो. जपानीत 'मी' म्हणायलाच 'वाताशी' अशा तीन मात्रा खर्च होतात. प्रत्येक मात्रेला एक सूर देत गेलं तर ओळ संपते पण वाक्य पुरं होत नाही. शिवाय इंग्रजीसारखा जोराचा आघात जपानी शब्दात नाही; सगळ्या मात्रा एका मापाच्या पायऱ्यांसारख्या चालतात. ड्रमवाला दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला जोर देतो तेव्हा त्या जोराखाली शब्दातलं कोणतं अक्षर आणून ठेवायचं, हा प्रश्न गीतकाराला दर ओळीला सोडवावा लागतो. नव्वदच्या दशकात 'हाय-स्टँडर्ड'सारख्या बँडने तर सरळ इंग्रजीत गाऊन जपानी तरुणांना वेड लावलं. आजिकाननेही सुरुवातीला इंग्रजीतच लिहिलं, आणि मग ते जपानीकडे वळले.

ते वळले ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 2002 सालच्या 'होकाइ ॲम्प्लिफायर' या छोट्या अल्बममध्ये ही निवड कानाला स्पष्ट कळते. गोतो जपानीतली अडचणच हत्यार म्हणून वापरतो. जपानी शब्द जवळजवळ नेहमी स्वरावर संपतात. 'न' सोडला तर शेवटी व्यंजन नसतंच. म्हणून ओळीच्या टोकाला तोंड उघडं राहतं आणि तिथे आवाज हवा तेवढा फेकता येतो. मधल्या मात्रा तो गिटारच्या आघातांसारख्या एकामागून एक तोडून ठेवतो, आणि शेवटच्या उघड्या 'आ'वर किंवा 'ए'वर सगळा दम सोडतो. 'रिराइतो' हा शब्दच घ्या. इंग्रजीत त्याचे उच्चाराचे दोन तुकडे, जपानीत चार मात्रा: रि, रा, इ, तो. उसना शब्द भाषेत आला, दुप्पट लांब झाला, आणि बरोबर चार ठोक्यांचा झाला. स्वतःचं जुनं लिखाण पुसून पुन्हा लिहायचं म्हणणारं हे गाणं, आणि त्याच्या नावाचंच असं पुनर्लेखन झालेलं.

या गाण्याचा जो भाग टीव्हीवर ऐकू येत नाही तोच मला जास्त आवडतो. पूर्ण गाण्यात मध्येच एका जागी गिटारींचा कल्लोळ ओसरतो. जागा मोकळी होते, सूर सुटे सुटे ऐकू येतात, आतापर्यंत धावणारं गाणं थांबून आजूबाजूला पाहतं. मैफिलीत हा भाग लांबतो आणि श्रोतेही गाऊ लागतात. मग पुन्हा 'रिराइतो'ची घोषणा येते. दीड मिनिटाच्या तुकड्यात फक्त राग ऐकू येतो. पूर्ण गाण्यात रागाच्या मध्यभागी असलेली शांतता ऐकू येते, आणि मग तो राग कशासाठी आहे ते कळतं. हे गाणं ज्या 'सोल्फा' अल्बममध्ये आहे, तो ऑक्टोबर 2004 मध्ये आला आणि जपानच्या ओरिकॉन यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. बारा वर्षांनी, 2016 साली, बँडने हा आख्खा अल्बम पुन्हा वाजवून नव्याने ध्वनिमुद्रित केला. पुन्हा लिहिण्याचं गाणं ज्यात आहे तो अल्बमच पुन्हा लिहिला गेला.

आता अंतराकडे येतो. 'हारुका कानाता'चा अर्थच 'दूर, पलीकडे' असा आहे. रात्र मागे टाकत वेगाने निघालेल्या माणसाचं हे गाणं. विशीतल्या गाण्यांत अंतर असं क्षितिजाएवढं असतं. 2008 सालचा 'सर्फ बुंगाकु कामाकुरा' हा अल्बम मात्र दहा किलोमीटरमध्ये मावतो, आणि या पुस्तकात मी त्याला सर्वांत जास्त पानं दिली आहेत.

'बुंगाकु' म्हणजे साहित्य. कामाकुरा हे तोक्योच्या दक्षिणेचं, समुद्रकाठचं जुनं शहर. तिथे सागरलाटांवर फळ्या घेऊन झेपावणारी पोरं आहेत तशी लेखकांची परंपराही आहे. कावाबाता यासुनारी इथल्या हासे भागात राहत असे, आणि जवळच्या कुगेनुमात 1926 साली आकुतागावा र्युनोसुकेने मुक्काम केला होता. फुजिसावा ते कामाकुरा 'एनोदेन' नावाची छोटी रेल्वे धावते. तिचा पहिला टप्पा 1902 साली सुरू झाला. दहा किलोमीटर, पंधरा स्थानकं. काही ठिकाणी ती घरांच्या परसदारांना जवळजवळ घासत जाते, एका ठिकाणी मोटारींच्या बरोबरीने थेट रस्त्यावरून चालते, आणि मग एकदम उजवीकडची घरं संपून समुद्र उघडतो. आजिकानने या स्थानकांवर गाणी रचली. अल्बममध्ये गाण्यांचा क्रम गाडीच्या क्रमानेच आहे: फुजिसावापासून सुरुवात, कामाकुराला निरोप.

प्रत्येक गाण्याच्या नावात स्थानकापुढे एक उसना शब्द जोडलेला आहे. 'एनोशिमा एस्का' : एस्का हे एनोशिमा बेटाच्या टेकडीवर नेणाऱ्या सरकत्या जिन्याचं नाव, आणि तो जिना फक्त वर जातो, खाली पायीच यावं लागतं. 'इनामुरागासाकी जेन' हे नाव कुवाता केइसुकेच्या 1990 सालच्या चित्रपटाची आठवण करून देतं. आणि 'गोकुराकुजी हार्टब्रेक'. 'गोकुराकु' हा शब्द अमिताभ बुद्धाच्या सुखावती लोकासाठी चिनी-जपानी परंपरेने वापरलेला आहे; 'जी' म्हणजे मंदिर. सुखावतीच्या मंदिराच्या नावाचं स्थानक, आणि तिथे हृदय मोडतं. संस्कृतातून निघालेली एक कल्पना चीनवरून जपानला गेली, तिचं मंदिर झालं, मंदिराचं स्थानक झालं, आणि स्थानकाचं रॉक गाणं झालं. हे नाव पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं गाणं लावलं नाही.

2008 साली दहाच स्थानकांवर गाणी होती, पाच सुटली होती. सुटलेल्यांत एक होतं कामाकुराकोको-माए, म्हणजे कामाकुरा हायस्कूलसमोरचं स्थानक. त्याच्या शेजारचं रेल्वे फाटक 'स्लॅम डंक' या ॲनिमेच्या ओपनिंगमुळे इतकं प्रसिद्ध झालं की जगभरातून लोक तिथे फोटो काढायला येतात. 2023 साली बँडने उरलेली पाच गाणी करून पंधरा स्थानकांचा पूर्ण अल्बम काढला. मधली पंधरा वर्षं ती पाच स्थानकं गाण्याविना होती, गाडी मात्र रोज थांबत होती. पंचविशीत क्षितिजाकडे धावणारा माणूस पंचेचाळिशीत मागे वळून सुटलेली स्थानकं भरून काढतो, यात मला या बँडचा सगळा स्वभाव दिसतो.

हाकेचं अंतर कधीकधी मृत्यूएवढंही होतं. असानो इनिओच्या 'सोरानिन' या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, एक तरुण बँडसाठी गाणं लिहितो, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याची मैत्रीण गिटार शिकून ते गाते. मांगा कागदावरची; तिथे गाण्याचे शब्द होते, चाल नव्हती. 2010 साली तिच्यावर चित्रपट आला तेव्हा असानोच्या त्या शब्दांना आजिकानने चाल दिली. वाचकांनी आपापल्या मनात जी चाल ऐकली होती तिच्या जागी खरी चाल ठेवणं ही मोठी जोखीम होती. त्यांनी ती साधेपणाने पेलली. हे गाणं ऐकताना कुणीतरी नुकतंच गिटार शिकून गात आहे असं वाटू शकतं, आणि कथेला तेच हवं होतं.

11 मार्च 2011 रोजी ईशान्य जपानमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात अपघात झाला. त्या वर्षी गोतोने 'द फ्यूचर टाइम्स' नावाचं वृत्तपत्र काढलं आणि ते मोफत वाटलं. 2012 साली संगीतकार साकामोतो र्युइचीच्या पुढाकाराने अणुऊर्जेच्या विरोधात भरलेल्या 'नो न्यूक्स' महोत्सवात आजिकान वाजवायला उभे राहिले. जपानमध्ये लोकप्रिय कलावंताने राजकीय बोलणं सोपं नाही. गप्प राहणं हेच सभ्यपणाचं मानलं जातं. माझ्या मते गोतो तिथे नवं काही करत नव्हता. 'किमी' म्हणून ज्याला इतकी वर्षं हाक मारली तो माणूस घर सोडून निघाला असेल, तर त्याच्याशी बोलायला गाणं पुरत नाही. मग कागद छापावा लागतो.

आणि एक हाक परतही आली. हामाजी आकीच्या 'बोच्ची द रॉक' या मांगावरचं ॲनिमे 2022 साली आलं. माणसांना घाबरणारी, खोलीत एकटीने गिटार वाजवणारी एक मुलगी शिमोकिताझावा भागातल्या एका बँडमध्ये जाते, त्याची ही गोष्ट. बँडमधल्या चार मुलींची आडनावं गोतो, किता, यामादा आणि इजिची. भागांच्या शीर्षकांतूनही आजिकानच्या गाण्यांचे पडसाद ऐकू येतात. शेवटच्या, बाराव्या भागाच्या अखेरीस ती लाजरी मुलगी आजिकानचं 2008 सालचं 'कोरोगारू इवा, किमी नि आसा गा फुरू' गाते: घरंगळणारा दगड, तुझ्यावर पहाट बरसते. मूळ गाण्यात गोतोचा आवाज ताणलेला, खरवडलेला आहे. इथे तो एका मुलीचा, सांभाळून पावलं टाकणारा आवाज आहे. 2008 साली जे गाणं एकट्या माणसाला उद्देशून होतं, ते 2022 साली त्या एकट्या माणसानेच गायलं. हाक पोचली होती, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडंसं. प्रत्येक प्रकरण एका गाण्याचं आहे, आणि क्रम शक्यतो काळाचा आहे. फक्त एनोदेनची गाणी स्थानकांच्या क्रमाने एकत्र ठेवली आहेत. गाण्यांचे मूळ शब्द किंवा ओळींची भाषांतरं छापलेली नाहीत. ते शब्द त्यांच्या लेखकांचे आहेत, आणि सुरांवेगळे काढले की निम्मे होतात. त्याऐवजी गाणं कसं चालतं, कुठे थांबतं, भाषा ठोक्यावर कशी बसते, हे मी सांगितलं आहे. जिथे मराठी मात्रांच्या भाषेत सांगणं सोपं गेलं तिथे ते तसं सांगितलं, कारण आपल्या कानात ही समज आधीपासून आहे. ओव्या, अभंग आणि शाळेतली वृत्तं यांनी ती तयार केलेली आहे. अल्बमच्या मुखपृष्ठांवर एक वेगळं प्रकरण आहे. ती नाकामुरा युसुके या चित्रकाराची आहेत. जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांची आठवण करून देणारे सपाट रंग आणि कुठेतरी बघत असलेल्या मुली, हे या गाण्यांचं दृश्य रूप अनेकांच्या मनात कायमचं बसलेलं आहे.

जपानी येत नसलेल्या वाचकाने हे पुस्तक बाजूला ठेवू नये. माझ्या घरात जपानीचा गंधही नसलेल्या माणसांनी ही गाणी ऐकली आहेत, आणि कुठला शब्द जोराचा आहे, कुठे गाणारा थकला आहे, हे त्यांनी मला सांगितलं आहे. आधी गाणं ऐका, मग प्रकरण वाचा, मग पुन्हा ऐका.

सुरुवात 'हारुका कानाता'पासून करा. आरंभी फक्त यामादाचा बास आहे, एकटा, घाईत. त्यावर ड्रम येतात, गिटारी येतात, आणि गोतोने तोंड उघडल्यावर शब्दांचा अर्थ शोधू नका. हलकेच टाळ्या वाजवत मात्रा मोजा. एखाद्या जागी मोजणं चुकेल. स्वर लांबलेला असेल आणि तुमची टाळी त्याच्या आधी पडलेली असेल. तिथे थांबून ती जागा पुन्हा ऐका. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.